अल्फामातल्या पायऱ्यांवरची रात्र

लिस्बनमधले बाकीचे दिवस थोडक्यात उरकते. बेलेंचा जेरोनिमोस मठ फार देखणा आहे. आत वास्को द गामाचं थडगं आहे, आणि कोकणातल्या माणसाने त्यापुढे उभं राहून नेमकं काय वाटून घ्यावं हे मला अजून कळलेलं नाही. जवळच १८३७ पासून चालणाऱ्या दुकानातले कस्टर्डचे टार्ट गरम असतानाच, वर दालचिनी भुरभुरून खावेत. लिस्बनजवळच्या सिंत्रा गावी गर्दी असह्य. बस्स. मला लिहायचंय ते १२ जूनच्या रात्रीबद्दल.

१३ जून हा सांतु आंतोनियोचा, म्हणजे संत अँथनीचा सण, लिस्बन महापालिकेची सुट्टी. जग या संताला इटलीतल्या पादुआचा म्हणून ओळखतं, पण त्याचा जन्म लिस्बनचा, ११९५ च्या आसपासचा. कॅथेड्रलच्या पायथ्याशी, जिथे तो जन्मला असं मानतात तिथे त्याचं चर्च आहे. आपल्याकडे गोव्यात, वसईत हरवलेली वस्तू सापडावी म्हणून त्यालाच साकडं घालतात. सणाच्या आदल्या रात्री सगळं शहर रस्त्यावर उतरतं. रुंद आव्हेनिदा द लिबर्दादवर एकेका वस्तीची पथकं सजूनधजून नाचत जातात, पण खरी रात्र रंगते ती अल्फामा या जुन्या वस्तीत. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात खालचा बायशा भाग जमीनदोस्त झाला आणि नंतर सरळ रेषांत नव्याने उभा राहिला. टेकडीवरचा अल्फामा बराचसा वाचला. त्यामुळे इथले बोळ अजून जुनेच आहेत, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकायचं.

एकटीने फिरताना मला रात्रीच्या अंधाराचा त्रास होत नाही, जेवणाचा होतो. त्या संध्याकाळी एका हॉटेलात मी "एक जण" म्हटल्याबरोबर, रिकामी टेबलं दिसत असताना, "आज एकट्यासाठी जागा नाही" असं सांगून मला दारातूनच वाटेला लावलं. दुसरीकडेही तेच. सणाच्या दिवशी चार खुर्च्यांच्या टेबलावर एक माणूस त्यांना परवडत नसेल, पण उपाशीपोटी उंबऱ्यावरून परत फिरताना फार अपमान वाटतो. मी रागारागाने पायऱ्या चढत वर निघाले.

वर सगळा बोळ धुराने भरला होता. डोक्यावर रंगीत कागदी पताका, कुठल्याशा खिडकीतून मोठ्याने गाणी, आणि दारादारांत निखाऱ्यांवर सार्डिन. मी मालवणकडची. सार्डिन म्हणजे आमची तारली, त्यामुळे त्या वासाने पाय आपोआप थांबले. एक आजी ॲप्रन बांधून, उभ्या कापलेल्या लोखंडी पिंपावर जाळी ठेवून मासे भाजत होत्या. मासा अख्खा, पोट न फाडलेला, वर नुसतं जाडं मीठ. कातडी फुगून काळसर झाली की तो पावाच्या जाड कापावर ठेवायचा. मासा खाऊन होईपर्यंत त्याची सगळी चरबी पावात मुरते. शेवटी तो पाव खायचा, आणि खरं सुख त्यातच आहे.

माझ्या बाजूचे पर्यटक प्लास्टिकच्या काट्याने मासा टोकरत होते. मी बोटांनी वरची बाजू सोडवून खाल्ली, शेपटीकडून माशाचा मधला काटा उचलून डोक्यासकट अलगद वेगळा केला आणि खालची बाजू संपवली. आजी बघत होत्या. नातीला काहीतरी म्हणाल्या. नात इंग्रजीत म्हणाली, "आजी विचारतेय, तू कुठली? तुला मासा खाता येतो म्हणते." मी सांगितलं, आमच्याकडे समुद्र आहे, घरी आठवड्यातून चार वेळा मासे. आजींनी आतून स्टूल आणून दारात ठेवलं. पहिल्या सार्डिनचे पैसे घेतले होते, पुढच्यांचे घेतले नाहीत. मी पैसे पुढे केले तर हात बाजूला सारला.

खिडकीत मांझेरिकूची कुंडी होती. बारीक पानांची, गोल वाढलेली, आपल्या सब्जाच्या जातीची ही बेसिल. त्यात कार्नेशनचं कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. या सणाला ती एकमेकांना देतात. मी नाक जवळ न्यायला लागले तर नातीने थांबवलं. नाक लावून वास घ्यायचा नाही, झाड मरतं म्हणे. तळवा पानांवरून फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. आजींनी माझा हात धरून तो कुंडीवर ठेवला. सार्डिन भाजून भाजून त्यांचा हात तापलेला होता.

मग त्यांनी समोरची दारं दाखवली. तीन दारांच्या चौकटीला काळ्या छोट्या पेट्या ठोकलेल्या होत्या, आकडे फिरवून उघडायच्या. घर भाड्याने घेणाऱ्या पर्यटकांसाठी किल्ली त्यात ठेवलेली असते. या दारांत पूर्वी शेजारणी राहायच्या. भाडी वाढली, त्या तेजो नदीपलीकडे गेल्या. २०१८ मध्ये महापालिकेने या भागात अशा नव्या घरांची नोंदणी थांबवली, पण आधीची होती ती राहिलीच. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्रामही आजींनी सोडली आहे. जिथून ती सुटते त्या मार्तिं मुनीश चौकातच ती आमच्यासारख्यांनी भरून जाते, म्हणून गुडघे दुखत असताना त्या बाजाराची पिशवी घेऊन चढण चालतात. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. ज्या बाईचे शेजारी आमच्यासारख्यांच्या मुक्कामासाठी गेले, तिने मला स्टूल दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरवणूक पाहिली आणि संताच्या नावाने मिळणारा छोटा पाव घेतला. तो वर्षभर घरात ठेवतात, म्हणजे अन्न कमी पडत नाही असं मानतात. माझ्या मनात मात्र काळ्या पेट्याच होत्या.

तर जूनमध्ये लिस्बनला जाणार असाल तर अल्फामात हवं तेवढं फिरा. हॉटेलात न जाता दारात मांडलेल्या टेबलावर खा, पायरीवर बसलेल्या बायकांकडून जिंजीन्या, म्हणजे चेरीची गोड दारू घ्या. मुक्कामाला मात्र तिथलं घर घेऊ नका. बायशात, मेट्रोच्या आसपास हॉस्टेलं भरपूर आहेत, मेट्रो रात्री एकपर्यंत धावते, आणि तिथून अल्फामा चालत गाठता येतो. अठ्ठावीस नंबर बघायचीच असेल तर सकाळी लवकर चढा, आणि पिशवी घेतलेली कुणी आजी आत आली तर आधी तुम्ही उठा.