पंधरा पाऊण सव्वाअकरा

दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात आजोळहून मामेबहिणीचा फोन आला. "माघी पौर्णिमेला सत्यनारायण घातलाय. सकाळीच ये. आणि राहायचं नाही म्हणू नकोस." राहायचं जमणार नव्हतंच, पण तो वाद तिथे गेल्यावर घालू म्हटलं. फोन ठेवला आणि उठून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिलो. प्रवासाचं ठरलं की लोक तिकीट बघतात. मी तिथी बघतो.

पौर्णिमा ही पंधरावी तिथी, आणि तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्यात पाऊण तास समुद्राचा. म्हणजे बाराला भरती, सहाला सुकती. आणि पूजा, आरती, जेवण, डबे भरणं, निघतो-निघतो म्हणत उंबऱ्यात अर्धा तास, हे सगळं धरलं तर परतीच्या लाँचसाठी मी अलिबागकडच्या रेवसच्या धक्क्यावर पोचणार बरोबर सहाला.

"झालं का पंचांग?" लेकीने हॉलमधून विचारलं.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने जाणारा या घरात मी एकटाच उरलोय. लेकीच्या मते मांडव्याला जावं. गेटवेवरून कॅटामरान घ्यायची, तासाभरात पलीकडे, उतरल्यावर अलिबागची बस त्याच तिकिटात. नाहीतर भाऊच्या धक्क्यावरूनच रो-रो, २०२०च्या मार्चपासून सुरू आहे, तिच्यात गाडीसुद्धा चढते. बायकोचा कौल अटल सेतूला. २०२४च्या जानेवारीत तो सुरू झाल्यापासून आमच्या घरात समुद्र ही २१.८ किलोमीटरच्या पुलावरची गोष्ट झालीय, डुलकी लागली तर दिसतही नाही.

दोघींचं बरोबर आहे. पण मुंबई हे बेट आहे हे मला फक्त लाँचमध्ये बसल्यावर पटतं. माहीमची खाडी आपण लोकलच्या दारात उभं राहून ओलांडतो आणि तेव्हा फार तर नाक दाबतो. वाशीच्या पुलावर कोणी एक रुपयाचं नाणं टाकतं, तेवढंच. आपण जमिनीवरून उतरलो आणि पुन्हा जमिनीवर चढलो, असं काही वाटत नाही. भाऊच्या धक्क्यावर मात्र मासळीच्या पाण्यातून चपला वाचवत जायचं, पायऱ्यांवरचं शेवाळ चुकवायचं, खलाशी दंड पकडून आत खेचतो ते खेचून घ्यायचं. मग दोर सुटतो, इंजिन धडधडायला लागतं आणि मुंबई हळूहळू मागे सरते. घर सोडल्यासारखं वाटायला एवढं तरी लागतंच.

शिवाय मांडव्याचा प्रवास ठरवण्यात मजा काय? वेळ बघा, पैसे भरा, बसा. रेवसचं तसं नाही. रेवसला गाळ आहे. सुकतीच्या वेळी लाँच धक्क्याला लागत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर पाणी जेवढं चढतं तेवढंच खाली जातं. उरणच्या मोरा बंदराला जाणारेही हे भोगतात. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवून आधी चंद्राला विचारावं लागतं.

ही खोड आजोबांची. आईचे वडील. आमचं आजोळ अलिबाग तालुक्यातल्या झिराडजवळ. आम्ही गिरगावात. परीक्षा संपत आल्या की आजोबांचं कार्ड यायचं. मजकूर दोन ओळींचा. "वैशाख शुद्ध चतुर्थीस निघणे. तीनला भरती आहे, एकची लाँच धरावी." खाली आशीर्वाद. ख्यालीखुशाली वगैरे नाही, ती भेटीत विचारता येते.

ते शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केलेल्या पिढीतले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर सगळ्या गणगोताची ने-आण केली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे पुढे हिशेब थोडा मागे पडतो, पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि पाणी भरतं बाराच्या सुमारास. मी हे धिटाईने दाखवून दिलं तेव्हा म्हणाले, "तो पाऊण तास समुद्राचा. सगळं आपल्याच हिशेबाने होत नाही." आजही मी तो पाऊण तास मिळवतो. गणित म्हणून चूकच असेल.

एकदाच बाबांनी कार्ड मानलं नाही. ऑफिसातून रजा एक दिवस उशिरा मिळाली आणि आम्ही अमावास्येच्या संध्याकाळी निघालो. रेवस दिसायला लागलं आणि लाँच थांबली. धक्का समोर दिसतोय, दिवे लागलेत, आणि मध्ये नुसता काळा, चकचकीत चिखल. पाणी चढेपर्यंत बसायचं किंवा होडीत उतरायचं. बाबा म्हणाले, उतरू. मग होडीत आई, मी, धाकटा भाऊ, वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि आजीने मागवलेली चिनीमातीची बरणी. ती बरणी लाँचवरून होडीत उतरताना सात-आठ हातांतून गेली आणि प्रत्येक जण तिला तान्ह्या मुलासारखी मानेखाली आधार देऊन घेत होता. होडी पण पुढे रुतली. शेवटचं अंतर आम्ही चालून गेलो. आईने निऱ्या वर खोचल्या होत्या, बाबांच्या ऑफिसच्या पँटीला पोटरीपर्यंत चिखल, आणि माझी एक चप्पल तिथेच राहिली ती राहिलीच.

आजोबा कंदील घेऊन उभे होते. जावयाला बोलायचं कसं! "या," म्हणाले. बरणी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग चालता चालता मला विचारलं, "काय रे, पंधरा पाऊण किती?"

"सव्वाअकरा," मी ओरडून सांगितलं. बाबा पुढे चालत राहिले.

तर आताचा बेत असा ठरला, की जाताना मी रेवसने जाणार आणि येताना मुकाट मांडव्याने येणार. लेकीने परतीचं तिकीट लगेच फोनवर काढलंसुद्धा. जातानाचं मी पेन्सिलीने कॅलेंडरच्या चौकोनात लिहिलं. भरती बारा. सकाळी आठची धरावी. आठला चढतं पाणी, रेवसला पोचेपर्यंत धक्क्याला भरपूर पाणी असणार. बेत एकदम चोख.

लिहिलं आणि पेन्सिल तशीच हातात राहिली.

आजी लाँचमध्ये फार बोलायची. शेजारणीला लोणच्याचं प्रमाण, कोणाच्या मुलीचं कुठे जमतंय, सगळं. पण खोल पाण्यात आलो की एका ठिकाणी गप्प व्हायची, उजवीकडे मोकळ्या समुद्राकडे तोंड करून हात जोडायची आणि पदराच्या गाठीतलं नाणं पाण्यात टाकायची. तिकडे एखादं देऊळ असेल असं मला वाटायचं. खूप वर्षांनी आईने सांगितलं, की आजीचा थोरला भाऊ 'रामदास' बोटीवर होता. मुंबईत गिरणीत होता, दिव्यांच्या अवसेला घरी यायला निघाला होता. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली.

आषाढातली अमावास्या. म्हणजे पंधरा पाऊण सव्वाअकरा, अधिक पाऊण तास, बाराला भरती. बोट सुटली होती सकाळी आठच्या सुमारास. चढतं पाणी. रेवसला धक्क्याला भरपूर पाणी असणार होतं. आजोबांनी त्या दिवशीचं कार्ड लिहिलं असतं, तर हीच बोट लिहिली असती.