बंपरखालची ती काळी पट्टी

गाडीच्या पुढच्या बंपरखाली लोंबणारी ती काळी प्लास्टिकची पट्टी घासून घासून शेवटी तुटली तेव्हा म्हटलं जाऊ दे, शोभेचीच तर आहे. पण मग हायवेला टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा वर, आणि ट्रॅफिकमधे मात्र एकदम नॉर्मल! कूलंट बघितलं, फॅन बघितला, सगळं ठीक. नंतर डोक्यात प्रकाश पडला, हळू चालताना हवा फॅन ओढतो पण वेगात असताना ही पट्टी खालून घुसणारी हवा अडवते, मग इंजिनाखाली प्रेशर कमी राहतं आणि रेडिएटरमधून आलेली गरम हवा पटकन खाली निघून जाते. पुढची जाळी नावालाच असलेल्या काही गाड्यांत तर हवा वर रेडिएटरकडे वळवते तीच. नवीन बसवली, काटा परत जागेवर. सगळ्याच गाड्यांना एवढा फरक पडतो असं नाही हां.