कार्बन पक्के, रेझिन कच्चे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. गेल्या मे महिन्यात शेवटच्या वर्षाच्या मुलांनी बनवलेला ड्रोन घेऊन आम्ही शेजारच्या गावी गेलो होतो. तिथे गावतलावातला गाळ काढण्याचे काम चालू होते, आणि पाऊस लागण्यापूर्वी वरून फोटो मिळाले तर कुठे किती खोदाई झाली हे सगळ्यांना दिसेल, म्हणून सरपंचांनी आग्रहाने बोलावले होते. ड्रोन सव्वा किलोचा, म्हणजे 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे 250 ग्रॅम ते 2 किलो या वर्गातला होता. गाव हिरव्या क्षेत्रात, म्हणजे ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागत नाही अशा भागात, येते की नाही हे आदल्या दिवशीच नकाशावर पाहून घेतले होते.

या ड्रोनचे चारही आर्म, म्हणजे टोकाला मोटारी धरणारे हात, मुलांनी स्वतः घडवलेले कार्बन फायबरचे होते. कापडाचे बारा थर, प्रत्येक थरावर ब्रशने लावलेले इपॉक्सी रेझिन, म्हणजे थरांना चिकटवून घट्ट होणारे द्रव, आणि मग दोन जाड काचांमध्ये दाबून रात्रभर ठेवलेली ती चळत. सकाळी काचा उघडल्या तेव्हा 3 मिलिमीटर जाडीची काळी, चकचकीत, टणक पट्टी हातात आली आणि मुलांचे चेहरे उजळले. आर्म फायबरग्लासचे करावेत की कार्बनचे, यावर त्याआधी आठवडाभर चर्चा झाली होती. शेवटी पुस्तकातले कोष्टक पाहून मीच कार्बनच्या बाजूने कौल दिला होता.

सकाळी सातचे पहिले उड्डाण निर्विघ्न झाले. दुसरे मात्र दुपारी करावे लागणार होते, कारण पोकलेन जेवणाच्या सुट्टीत थांबल्याशिवाय धूळ बसत नव्हती. मधल्या वेळात ड्रोन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवला, आणि वाऱ्याने किंवा कोणाचा धक्का लागून पडू नये म्हणून एका मुलाने दोन आर्मवरून दोरी आवळून बांधली. सव्वा वाजता दोरी सोडून ड्रोन जमिनीवर ठेवला. तो जेमतेम डोक्याइतका वर गेला आणि स्वतःभोवती गरगर फिरू लागला. उड्डाण करणाऱ्या मुलाने प्रसंगावधान राखून तो लगेच उतरवला, त्यामुळे दोन प्रोपेलर तुटण्यावर निभावले.

आम्ही आधी मोटारी पाहिल्या, मग वायरिंग, मग ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या फ्लाइट कंट्रोलरचे कॅलिब्रेशन. सगळे ठीक होते. दोष ट्रॅक्टरचालकाच्या हाताला लागला. ड्रोन उचलायला म्हणून त्याने ज्या आर्मला हात घातला, त्याच्या मुळाशी प्रोपेलरचा वारा पोहोचत नव्हता. तो म्हणाला, "सर, याच्यावर नख उमटून राह्यलं जी." मी अंगठ्याचे नख दाबून पाहिले, तर खरोखरच बारीक चंद्रकोर उमटली. सकाळी जी पट्टी कानशीला दाद देत नव्हती, तिच्यावर! तापमान मोजायची बंदूक धरली तेव्हा आकडा 66 अंश सेल्सिअस दिसला. सावलीतले तापमान त्या दिवशी 44 अंशांच्या पुढे होते, आणि काळी पट्टी दोन तास थेट उन्हात होती.

तेव्हा उलगडा झाला. दोरी आवळलेल्या दोन्ही आर्मना हळूहळू पीळ पडला होता, त्यामुळे त्यांच्या टोकाच्या मोटारी किंचित कलल्या होत्या, आणि ड्रोन गरगरला तो त्यांच्या तिरप्या जोराने. प्रोपेलरचा वारा लागून आर्म टोकाकडून निवले, तसा पडलेला पीळ तिथे पक्का होऊन बसला. एका आर्मच्या मुळाशी वरच्या अंगाला केसाएवढ्या बारीक चुण्याही दिसल्या. आर्म वर वाकतो तेव्हा वरचे तंतू दाबले जातात, आणि दाबात त्यांना सरळ धरून ठेवण्याचे काम रेझिनचेच असते. रेझिन मऊ पडले की कितीही बळकट तंतू दोऱ्यासारखा मुडपतो. आमच्या पट्टीत सगळे धागे उभे-आडवेच होते. पिळाला अडवणारे तिरपे थर आम्ही घातलेच नव्हते, ही माझी दुसरी चूक.

संध्याकाळी कार्यशाळेत आम्ही पातेलेभर पाणी तापवायला ठेवले. आत विटेचे दोन तुकडे, त्यांच्यावर पट्टी आडवी, मधोमध अर्धा किलोचे वजन. पाणी 55 अंशांच्या पुढे गेले आणि पट्टी खचू लागली. मग त्याच रेझिनमध्ये केलेली फायबरग्लासची पट्टी ठेवली, तर तीही जवळजवळ त्याच तापमानाला खचली. खरे सांगायचे तर आठवडाभराच्या चर्चेत आम्ही हा मुद्दा एकदाही काढला नव्हता. केवळ खोलीच्या तापमानाला घट्ट झालेल्या साध्या इपॉक्सीचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्यापुढे ते आपला कडकपणा सोडते ते तापमान, सहसा 50 ते 60 अंशांच्या आसपास असते. थंड प्रदेशात एवढे पुरते. विदर्भातल्या मे महिन्यात काळ्या वस्तूला ते पुरत नाही.

कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन बनवलेल्या फायबरग्लासच्या शीटची गोष्ट वेगळी आहे. इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या ज्या पिवळसर हिरव्या शीटपासून बनतात, ती 130 अंशांच्या आसपासही आपला आकार धरून राहते, आणि फिकट असल्यामुळे उन्हात काळ्या पट्टीइतकी तापतही नाही. नागपूरच्या इन्सुलेशनच्या दुकानात ती मिळाली. मग प्रश्न उरला वजनाचा. कार्बनची पट्टी काचेच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, पट्टीपेक्षा साधारण तिप्पट ताठ असते, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 3 मिलिमीटर कार्बनची बरोबरी करायला 9 नव्हे, सुमारे 4.3 मिलिमीटर काच पुरते. आमच्या मापाच्या आर्मला कार्बनमध्ये 28 ग्रॅम लागत होते, काचेत 48. म्हणजे चार आर्म मिळून 80 ग्रॅम जास्त आणि चौदा मिनिटांच्या उड्डाणातले मिनिट-सव्वा मिनिट कमी. तलावाच्या फोटोंसाठी हा सौदा मला पूर्णपणे मान्य होता. शिवाय काच विजेची वाहक नाही, त्यामुळे एखादी उघडी वायर टेकली तरी फ्रेममधून शॉर्ट होत नाही. ती रेडिओ लहरीही अडवत नाही, म्हणून अँटेना कुठेही बसवता येतो. आणि माझ्या लेखी सर्वांत मोलाचे म्हणजे, काच तुटण्याआधी पांढुरकी पडून इशारा देते. कार्बन बहुधा शेवटपर्यंत ताठ राहतो आणि एकदम कडकन तुटतो.

तरीही कार्बनला दोष देणे मला पटत नाही. शर्यतीचा छोटा ड्रोन करायचा असेल, जिथे ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो आणि आर्मची थरथर जायरोपर्यंत, म्हणजे ड्रोनचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत, पोहोचली तर सगळे बिनसते, तिथे मी आजही कार्बनच घेईन, पण कारखान्यात तापवून पक्का केलेला. उरलेल्या पट्ट्या मुलांनी फेकू दिल्या नाहीत. एका विद्यार्थिनीने घरचा सोलर कुकर आणला. पट्ट्या दोन सपाट लोखंडी पाट्यांमध्ये आवळून आत ठेवल्या, आणि आरसा कमी-जास्त करत तापमान तासागणिक थोडे थोडे वाढवत 75 अंशांपर्यंत नेले. घाई केली असती तर पट्ट्या पक्क्या होण्याआधीच वाकल्या असत्या. दोन दिवसांनी पुन्हा पातेल्यातली चाचणी घेतली, तेव्हा 70 अंशांच्या पाण्यातही पट्टी हलली नाही. मुलांनी तिला पांढरा रंग दिला आणि तिरप्या थरांची नवी चळत रचायला घेतली.

काचेच्या आर्मचा ड्रोन घेऊन आम्ही महिनाअखेरीस पुन्हा तलावावर गेलो, भर दुपारी एक वाजता. या वेळी तो ट्रॉलीत न बांधता कडुनिंबाखाली पोत्यावर ठेवला होता. उड्डाणापूर्वी ट्रॅक्टरचालकाने चारही आर्मवर नख दाबून पाहिले आणि मान डोलावली.