लाईट आली, पण प्रिंटर ऑफलाइन

‘लाईट जाऊन आली की वाय-फायवरचा प्रिंटर ऑफलाइन का दाखवतो? बिघडला का? नवा घ्यावा का?’ मराठवाड्यात हा प्रश्न फार विचारला जातो, आणि तोही नेमका घाईच्या दिवसांत. पोरांचं हॉल तिकीट, सातबारा, पीकविम्याची पावती, सगळं त्याच आठवड्यात काढायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक वेळा प्रिंटर धडधाकट असतो. फक्त त्याचा पत्ता बदललेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर हाका मारत असतो.

आधी प्रिंटरच्या काचेवर कागद ठेवून एक झेरॉक्स काढा. ती नीट निघाली तर यंत्राला काही झालेलं नाही. काम तातडीचं असेल तर चौकोनी तोंडाची यूएसबी केबल लावून उरका, बाकीचं नंतर निवांत पहा.

होतं असं. घरातला प्रत्येक मोबाईल, टीव्ही, प्रिंटर यांना राउटर एकेक आयपी नंबर वाटतो. समजा प्रिंटरला १९२.१६८.१.७ मिळाला होता. लाईट गेली, राउटर बंद पडला, आणि बऱ्याच साध्या राउटरची कुणाला काय दिलं ही यादीही पुसली गेली. लाईट आल्यावर ७ नंबर मोबाईलने पटकावला, प्रिंटरला मिळाला १२. कॉम्प्युटरला हे कुणीच कळवत नाही.

म्हणून प्रिंटरवरून नेटवर्कचा कागद काढा. स्क्रीन असेल तर सेटिंगमध्ये, नसेल तर वायरलेसचं किंवा ‘आय’चं बटण दाबून तो निघतो. कोणतं बटण ते मॉडेलवर आहे, पुस्तिकेत बघा. त्या कागदावर ‘आयपीव्ही४’ची ओळ शोधा आणि तो नंबर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये, वर पत्त्याच्या जागी टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं तर नेटवर्क ठीक आहे, चूक कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये आहे. पान उघडलं नाही तर वाटेत अडथळा आहे. या एका चाचणीने अर्धं काम होतं. ती न करता ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकण्यात लोक उगाच दिवस घालवतात.

पान उघडलं असेल तर विंडोजमध्ये ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा. नुसतं ‘प्रॉपर्टीज’ नव्हे, ते वेगळं असतं. तिथे ‘पोर्ट्स’मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रिंटरला कुठे हाक मारतो त्या यादीत, ज्या ओळीवर बरोबरची खूण आहे ती वाचा. जुना नंबर दिसेल, नाहीतर डब्ल्यूएसडी असं काहीतरी. ‘ॲड पोर्ट’, मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडून कागदावरचा नंबर द्या. तरीही ऑफलाइनच दिसलं तर ‘कॉन्फिगर पोर्ट’मधली एसएनएमपी स्टेटसची खूण काढा. विंडोज त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतं, काही घरगुती प्रिंटर उत्तरच देत नाहीत, आणि चालू प्रिंटरही बंद ठरतो.

कागदावर नंबर १६९.२५४ने सुरू होत असेल तर गोष्ट निराळी. राउटरने नंबर दिलाच नाही, तेव्हा प्रिंटरने स्वतःच एक घेतला. लाईट आल्यावर प्रिंटर आधी आणि राउटर नंतर तयार झाला की असं होऊ शकतं. प्रिंटर बंद करा, राउटरचे दिवे स्थिरावू द्या, दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर लावा.

पान उघडत नसेल तर या गोष्टी तपासा. मोबाईल किंवा लॅपटॉप ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर नाही ना? मोबाईल डेटावर तर नाही? इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा आणि तुमचा राउटर असे दोन वाय-फाय चालू असतील तर प्रिंटर एकावर आणि कॉम्प्युटर दुसऱ्यावर असू शकतो. स्वस्त प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फायच पकडतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायचं नाव दिसतच नाही. राउटर नवा असेल आणि वाय-फायच्या सुरक्षेची पद्धत फक्त डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर जुना प्रिंटर जोडलाच जात नाही, डब्ल्यूपीए२ करा. आणि घरही पहा: माळवदाच्या वाड्यातली हात-दीड हात जाडीची मातीची भिंत सिग्नल खाते, पत्र्याची खोली किंवा लोखंडी कपाट तो परतवून लावतं. प्रिंटर दोन हात सरकवला तरी फरक पडतो.

कायमचा इलाज राउटरमध्येच आहे. त्याच कागदावर प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख, असतो, १२ अंक-अक्षरांचा. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे नंबर वाटपाच्या, सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये तो लिहून एक नंबर कायमचा बांधून द्या, आणि कॉम्प्युटरच्या पोर्टमध्येही तोच ठेवा. प्रिंटरच्या पॅनेलवरून हाताने नंबर टाकण्यापेक्षा हे बरं, एकच नंबर दोघांना जाण्याचा धोका राहत नाही.

जिथे डीपी वारंवार जळते तिथे राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा डीसी यूपीएस लावणं मोलाचं. अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवून घ्या, अनेक राउटर १२ व्होल्टचे असतात. लेझर प्रिंटर मात्र घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. कागद तापवणारा रोलर एकदम शेकडो वॅट ओढतो आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड होतो.

सगळं झाल्यावर राउटर आणि प्रिंटर मुद्दाम बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा लावा आणि नेटवर्कचा कागद परत काढा. नंबर तोच आला तर तो चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या झाकणाला चिकटवा.