मला चालतं का?

गेली दोन वर्षं आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. लेक आता पावणेचार वर्षांचा आहे आणि समोर काहीही आलं की तो आधी हे विचारतो. परवा बागेत एका मुलीने वाळूचा केक करून पुढे धरला तर हा माझ्याकडे वळून, आई, मला चालतं का? सगळ्या आया हसल्या, मीही हसले, पण पोटात कालवलंच.

तर त्याच्या खाण्याच्या ऍलर्जीची गोष्ट सुरुवातीपासून सांगते. सातव्या महिन्यात नाचणीसत्वात पहिल्यांदा वरचं दूध घातलं आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. पुढे अंड्याचंही तेच. एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी, लाल होऊन खाज सुटणं, तर दुसऱ्या महिन्यापासून होताच. डॉक्टरांनी दूध आणि अंडं बंद केलं, इथवर ठीक होतं. मग आम्ही घाबरून, कोणी न सांगता, रक्ताची ती मोठ्ठी ऍलर्जी टेस्ट करून घेतली, आणि रिपोर्टमध्ये ही एवढी यादी, शेंगदाणा काजू बदाम तीळ केळं टोमॅटो आणि काय काय, समोर आकडे आणि 'पॉझिटिव्ह'. तो कागद आम्ही फ्रिजवर लावला आणि त्यातलं सगळं घरातून हद्दपार केलं. म्हणजे बघा, अर्धा डाएट डॉक्टरांचा आणि अर्धा आमच्या भीतीचा.

आता शेंगदाणा बंद म्हणजे मराठी घरात काय होतं हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. कोशिंबिरीत कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, मटकीच्या उसळीत, पोह्यात, फोडणीला तेलसुद्धा शेंगदाण्याचंच. त्यात सासूबाई सोलापूरच्या, शेंगा चटणीशिवाय त्यांचं ताट पुरं होत नाही. त्या बिचाऱ्या दीड वर्ष गॅलरीत बसून भाकरी-चटणी खायच्या आणि मग हात धुवून, साडी बदलून नातवाला घ्यायच्या. एकदाही कुरकुर केली नाही त्यांनी. एवढंच म्हणाल्या, अगं, पोराला शेंगच बंद केलीस तर त्याने खायचं तरी काय.

अडीच वर्षांचा असताना दुसऱ्या, फक्त ऍलर्जी बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तो कागद बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, यातलं काय काय खाल्ल्यावर याला खरंच त्रास झालाय? दूध, अंडं, आणि एकदा कोणीतरी भरवलेली काजूची वडी, तेव्हा डोळा सुजला होता. बाकीचं? बाकीचं कधी दिलंच नाही. त्यांनी समजावलं की रक्तात आयजीई (ऍलर्जीशी संबंधित अँटीबॉडी) सापडणं आणि खाल्ल्यावर ऍलर्जी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कितीतरी मुलं रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह येणारा पदार्थ आरामात खातात. आणि दुसरं जे सांगितलं ते ऐकून मी त्या रात्री झोपले नाही. लंडनला एक मोठा अभ्यास झाला होता, 2015 साली छापून आला, 640 बाळं, सगळी एक्झिमावाली नाहीतर अंड्याची ऍलर्जी असलेली, म्हणजे हुबेहूब आमचं ध्यान. निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केला, निम्म्यांना पाच वर्षं टाळायला लावला, आणि शेंगदाण्याची ऍलर्जी खाणाऱ्यांमध्ये टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. मी ज्याला काळजी समजत होते त्यानेच धोका वाढत असावा! अर्थात दोष तरी कोणाला देणार, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा 2000 साली अशा मुलांना तीन वर्षं शेंगदाणा देऊ नका म्हणत होते, तो सल्ला 2008 मध्ये मागे घेतला.

मग हातावर थेंब टाकून टोचायची टेस्ट झाली. त्याआधी आठवडाभर ऍलर्जीचं औषध बंद ठेवायला लागतं, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, त्या आठवड्यात पोराने खाजवून खाजवून जीव नकोसा केला. शेंगदाण्याला फुगवटा जेमतेम, काजूला चांगला टम्म. काजू बंदच राहिला, आणि त्याच्यासोबत पिस्ताही, कारण दोघं इतके जवळचे की एकाची ऍलर्जी असली की बहुतेक वेळा दुसऱ्याचीही असते. गंमत म्हणजे आंबा आणि आपला बिब्बासुद्धा त्याच कुळातले. म्हणून हिवाळ्यातल्या डिंकाच्या लाडवांतली गोडंबीही नको म्हणाल्या, ती बिब्ब्याचीच बी ना. आंबा मात्र चालला, फक्त चीक नीट धुवून, साल काढून. (माझ्या कोकणातल्या आत्याला चीक लागून तोंडाला फोड येतात, ते काय प्रकरण आहे ते मला आत्ता कळलं.)

शेंगदाण्याची पहिली खेप डॉक्टरांकडेच. घरी करू नका, आमच्यासारखी केस असेल तर अजिबात नका. मी घरून कूट नेलं होतं, अगदी वस्त्रगाळ. आधी चिमूटभर, मग वीस मिनिटं थांबायचं, मग थोडं जास्त, परत थांबायचं, असं करत दोन चमचे. शेजारी इंजेक्शन तयार. शेवटच्या घासानंतर दोन तास बसवून ठेवलं. लेक खेळण्यातल्या जेसीबीशी खेळत होता आणि मी दर मिनिटाला त्याचा शर्ट वर करून पोट बघत होते. काहीच झालं नाही. काहीच! रिक्षात बसल्यावर सासूबाईंना फोन केला तर त्या पलीकडून बोलेचनात, नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

बाकीच्या गोष्टी मग घरी, एका वेळी एकच, तीन-चार दिवस तीच, सकाळच्या वेळी म्हणजे काही झालंच तर दवाखाने उघडे असतात, आणि सर्दी-ताप असताना काही नवीन नाही. वही केली होती. बदाम, अक्रोड, तीळ, सगळं पूड करून, कारण अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत द्यायचाच नाही, श्वासनलिकेत अडकतो. या काळात लोक प्रेमाने ड्रायफ्रूट पावडरचे डबे पाठवतात त्याचा मला फार राग यायचा. काजू बदाम पिस्ता वेलची सगळं एकत्र दळलेलं, त्यातून काही उठलं तर कशामुळे उठलं हे कोणाला विचारणार?

फळांचं सोपं गेलं, म्हणजे ऍलर्जीच्या बाजूने. स्ट्रॉबेरीने तोंडाभोवती लाल झालं तेव्हा मी परत कागदावर फुली मारायला निघाले होते, पण तो आंबट रस एक्झिमाच्या कातडीला लागून होतो, तासाभरात गेला. आता आधी ओठांभोवती व्हॅसलीन लावते. शिकरण नारळाच्या दुधात. अवघड होतं ते घरच्यांचं शास्त्र, केळं थंड, पपई उष्ण, सीताफळाने सर्दी. आणि त्याहून अवघड तो स्वतः. अडीच वर्षं ज्याला प्रत्येक गोष्टीला नको-नको ऐकवलं त्याला अचानक खा-खा म्हटल्यावर तो कशाला तोंड उघडतोय! चिकू पहिल्यांदा दिला तेव्हा नुसता हातात धरून फिरला दिवसभर, दुसऱ्या दिवशी चाटला, खाल्ला चौथ्या दिवशी.

दूध अजून बंद आहे, अंडं केकमध्ये भाजलेलं चालायला लागलंय. दिवाळीला मिठाईच्या डब्यात खवा-दूध नसलेली एकच गोष्ट सापडते ती काजूकतली, आणि तीच चालत नाही, काय बोलणार. फ्रिजवरचा तो कागद मात्र काढून टाकला.

शेंगदाणा आता आठवड्यातून दोन-तीनदा पोटात जायलाच हवा असं सांगितलंय, मध्ये सोडायचा नाही. सासूबाई परत आमच्यासोबत टेबलावर जेवतात. काल पोह्यात दाणे भरडून घातले होते, तर साहेबांनी एकेक तुकडा वेचून ताटाच्या कडेला ओळीने लावला. म्हटलं अरे चालतं तुला. तर म्हणे, चालतं, पण आवडत नाही.

आज उसळीत बारीक कूट घालून लपवलंय. बघू.