गाडी गार, डोकं गरम : एका मिसिंगचा पाठपुरावा

गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवून घ्यायची. सकाळी गार इंजिन सुरू करून मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारायची आणि मला फोन करायचा, "सर, गाडी एकदम ओके आहे. मिसिंग कुठेय?" (मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं.) हा फोनचा प्रकार ज्यांनी माझ्याबरोबर पुन्हा पुन्हा केला, त्यांचं नाव इथे लिहीत नाही. प्रकार मात्र सविस्तर लिहितो, कारण पुण्यात जुन्या पेट्रोल गाड्यांना सीएनजी किट लावून फिरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि उद्या ही वेळ त्यांच्यावरही येणार आहे.

गाडी २००६ची. चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१२, पंधरा वर्षांनंतर आरसी रिन्यू करून घेतलेली. नंतर बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं. दुखणं असं, की सकाळी आनंदनगरहून निघताना इंजिनाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. सिंहगड रोडच्या गर्दीतून दांडेकर पुलाच्या सिग्नलला येईपर्यंत ते पूर्ण तापतं, आणि तिथे न्यूट्रलला उभं राहिलं की धडधड सुरू. गिअरचा दांडा थरथरतो, सायलेन्सरमधून ठरावीक अंतराने फट्-फट् ऐकू येतं, एसी लावला तर इंजिन बंदच पडायला बघतं. थोडी रेस दिली, दोन हजार आरपीएमच्या वर गेलं, की सगळं सुरळीत. चेक लाइट लागत नाही.

पहिली गोष्ट सर्वांनी घरीच करावी. गाडी गॅसवर मिसिंग करते की पेट्रोलवर, ते बघायचं. बटण दाबलं की कळतं. फक्त गॅसवर करत असेल तर गॅसचे इंजेक्टर, रेड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग), फिल्टर, शिवाय प्लग आणि प्लगच्या वायरी. गॅस पेटवायला ठिणगीचा दाब जास्त लागतो, त्यामुळे दमलेली वायर पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर हात टेकते. माझी गाडी दोन्हींवर सारखीच मिसिंग करत होती. म्हणजे गॅस किटचा संबंध नाही, असं मी मानलं. संबंध निघाला, पण वेगळ्या वाटेने. ते पुढे येईलच.

प्लग बदलले, वायरी बदलल्या, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. फरक शून्य.

मग ते वर्कशॉप. काचेची केबिन, थंडगार एसी, हातात टॅब्लेट घेतलेला अॅडव्हायझर. तक्रार सांगायला लागलो की तो टॅब्लेटवरच्या यादीतून एक ओळ निवडतो. मी म्हणालो, "इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, फक्त आयडलिंगला, एसी लावला की जास्त." त्याने निवडलं, 'इंजिन व्हायब्रेशन – चेक'. 'गरम झाल्यावर' हे शब्द त्याच्या यादीत नाहीतच. माझ्या आजाराचं निदान ज्या दोन शब्दांत होतं, ते दोन शब्द जॉब कार्डावर येण्याची सोयच नव्हती. आग्रह केल्यावर त्याने रिमार्कमध्ये काहीतरी लिहिलं. ते आत काम करणाऱ्या फिटरपर्यंत कधी पोचलं नाही, कारण फिटरला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मला तर व्हायब्रेशन लिहून आलंय. माउंटिंग बघितली, चांगली आहेत."

दुसऱ्या खेपेला स्कॅनर लावला. "सर, एरर नाहीये." नसणारच! भारतात ओबीडी-२ (गाडीने स्वतःच दोष ओळखून कोड द्यायची पद्धत) सक्तीचं झालं एप्रिल २०१३पासून. २००६च्या गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एकेका सिलिंडरचं मिसिंग मोजून कोड देईल ही अपेक्षाच चुकीची. (ऑनलाइन मिळणारे ते स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरही या वयाच्या बऱ्याच गाड्यांशी बोलत नाहीत, उगाच मागवू नका.) हे मी सांगितल्यावर अॅडव्हायझरने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग सर, ईसीएमच गेला असेल." एरर दाखवत नाही म्हणून ईसीएम खराब! थर्मामीटरमध्ये ताप दिसत नाही म्हणून थर्मामीटर बदला, असं सांगणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही.

मग कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग. "कॉइल बदलून बघू." या 'बदलून बघू'ची मला आता अॅलर्जी झाली आहे, कारण बघणार ते आणि पैसे देणार मी. तोपर्यंत मी एक चाचणी घरी करून गेलो होतो. गरम इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढायचा. ज्याचा काढल्यावर इंजिन आणखी लंगडतं तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही तो झोपलेला. माझा तीन नंबरचा झोपलेला होता. (प्लगची वायर उपटून ही चाचणी करणारे बरेच आहेत. करू नका. शॉक तर बसतोच, शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि आतून वितळू शकतो. तीच गोष्ट मिसिंग करणारी गाडी महिनोन्‌महिने तशीच हाकण्याची.) माझ्या गाडीत एका कॉइलवर दोन सिलिंडर चालतात, एक-चार आणि दोन-तीन. कॉइलचं ते अंग गेलं असतं तर दोन आणि तीन दोघांनी रडायला हवं होतं. दोन ठणठणीत होता. वायर नवी होती. प्लग मी तीनचा दोनला आणि दोनचा तीनला लावून पाहिला होता, मिसिंग तीनमध्येच राहिलं. इंजेक्टरचीही अशीच अदलाबदल झाली होती, निकाल तोच.

हे सगळं मी केबिनमध्ये उभं राहून सांगितलं. अॅडव्हायझरने शांतपणे ऐकून घेतलं आणि कॉइलचं एस्टिमेट प्रिंट केलं.

"कॉम्प्रेशन चेक करा," मी म्हणालो. "गरम इंजिनावर."

"सर, ते इंजिनचं काम झालं. त्याचं वेगळं एस्टिमेट होईल. हेड उतरवावं लागेल."

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. ते बघायला हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागत नाही हो. प्लग काढायचे, त्या भोकात गेज लावायचा, स्टार्टर मारायचा. हे त्या माणसाला माहीत नव्हतं की माहीत असून टाळायचं होतं, मला आजही कळलेलं नाही. मी म्हणालो, गाडी मीच घेऊन येतो, दुपारी, तापलेली, इंजिन बंद न करता दारात उभी करतो, तुमचा माणूस फक्त दहा मिनिटं बाहेर पाठवा. तसा आलो. सिक्युरिटीने गेटवर गाडी बंद करायला लावली, कारण आत चालू गाडी न्यायची नाही हा नियम. मग टोकन. मग जेवणाची सुट्टी. फिटर आला तेव्हा बॉनेटवर हात ठेवता येत होता. त्याने किल्ली फिरवली, कान दिला आणि म्हणाला, "चांगली चाललीय की." त्या क्षणी मी गाडी घेऊन बाहेर पडलो.

नाना पेठेतून कॉम्प्रेशन गेज आणला. वर्कशॉपच्या एका फेरीच्या बिलापेक्षा बराच स्वस्त. रविवारी गाडी स्वारगेटपर्यंत नेऊन तापवून आणली, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढले, प्लग काढले. इथे जपा, हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना पान्याला जोर दिला तर आटे निघून येतात. अडला तर थांबावं. बायकोला स्टार्टरवर बसवलं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, नाहीतर हवाच आत जात नाही आणि सगळे आकडे खोटे कमी येतात.

"आता?"

"दाब. दोन्ही. पायाने आणि किल्लीने."

"शेजारचे बघतायत."

"बघू देत."

एक, दोन, चार : १७० पीएसआयच्या आसपास. तीन : ११०. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा वर चढला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तो हलला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह (झडप) किंवा गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग). शेजारचे सिलिंडर चांगले आणि पाणी कमी होत नाही, म्हणजे गॅस्केटवरचा संशय बराच कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर मोजलं तर तीनमध्येही १५० आलं. म्हणजे वर्कशॉपची ती सकाळची चक्कर खोटी नव्हती, निरुपयोगी होती. खरं सांगायचं तर हे आकडे कागदावर उतरवताना मला फार बरं वाटलं.

कागद घेऊन धायरीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेलो. तिशीचा मुलगा. त्याने कागद वाचला, सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागद धरला. तो बाहेर फडफडायचा सोडून मधेच आत ओढला जात होता. मग विचारलं, "काका, टॅपेटचा आवाज कधीपासून बंद आहे?"

"बरेच दिवस. इंजिन अगदी शांत आहे."

"शांत आहे तोच घोळ आहे. आवाज करणारे टॅपेट परवडले."

उलगडा असा. सीएनजी कोरडा वायू, पेट्रोलसारखा ओलावा त्याच्याबरोबर येत नाही. वर्षानुवर्षं त्यावर चालवून एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो जिथे टेकतो ती जागा, झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि रॉकरखालची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली) फट, म्हणजेच टॅपेटची फट, कमी होत होत संपते. फट संपली की आवाजही संपतो आणि आपण खूश होतो. गार असताना व्हॉल्व्ह कसाबसा बसतो. तापला की त्याची दांडी लांबते, फट उरलेली नसते, व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि कॉम्प्रेशन सायलेन्सरकडे गळतं. आयडलिंगला गळायला भरपूर वेळ मिळतो, रेस दिली की तेवढा वेळ उरत नाही. म्हणून दोन हजारांच्या वर सगळं झकास. पेट्रोलवर चालवा नाहीतर गॅसवर, मिसिंग सारखंच.

त्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली. या वेळी गार इंजिन खरंच हवं होतं, कारण माझ्या गाडीचे टॅपेट गार असतानाच सेट करायचे असतात. तीन नंबरच्या एक्झॉस्टखाली फिलर गेजची सर्वांत पातळ पट्टीही जाईना. बाकीचे एक्झॉस्टही घट्टच होते. गाडीच्या पुस्तकातल्या मापाने सगळे सेट केले, व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं, दुपारपर्यंत काम संपलं. बिल कॉइलच्या एस्टिमेटच्या पासंगालाही नव्हतं. (सगळ्याच गाड्यांना हा पेच नसतो; हायड्रॉलिक टॅपेट असतील तर फट सेट करायची भानगडच नाही. गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.)

दांडेकर पुलाच्या सिग्नलला एसी लावून उभा राहिलो, इंजिन एका लयीत. पीयूसीवाल्यानेही हायड्रोकार्बनचा आकडा उतरल्याचं दाखवलं. मिसिंगमध्ये न जळलेलं इंधन बाहेर पडतं, त्यामुळे तो वाढतो. मागचं पीयूसी जेमतेम पास झालं होतं, तेव्हाच शंका यायला हवी होती असं तो म्हणाला. तुमचा आकडा अचानक वाढलेला दिसला तर पावती फेकू नका.

एक सांगायचं राहिलं : वर्कशॉपमध्ये काहीही बदललं तरी जुना पार्ट मागून घ्या आणि जॉब कार्डावर तक्रार स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहू देत नसतील तर गाडी सोडू नका.

तीन नंबरचं गरम कॉम्प्रेशन आता १५५ येतं, बाकीचे १७०. म्हणजे व्हॉल्व्ह थोडा भाजलेला आहेच. गॅरेजवाला म्हणतो, पाच हजार किलोमीटरनंतर फट पुन्हा बघू. जागेवर असेल तर चालू द्या, परत मिटली असेल तर हेड उतरवून सीट बदलून घ्यायची. गेज डिकीतच ठेवला आहे.