आमची वाटचाल : बोअर देईल तेवढाच पंप

सन १९९७ च्या दसऱ्याला लातूर जिल्ह्यातील औसा येथे भाड्याच्या एका गाळ्यात आम्ही मोटार रिवायंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचे, काम सुरू केले, तेव्हा दुकानात येणाऱ्या बहुतेक मोटारी विहिरीवरच्या मोनोब्लॉकच्या, म्हणजे मोटार आणि पंप एकत्र जोडलेल्या पंपाच्या, असत. काठावरचा मोनोब्लॉक पाणी वर ओढतो, आणि ही ओढ प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरांपलीकडे चालत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी जसे खाली जाई तसा शेतकरी पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर नेऊन बसवत असे, आणि वळवाच्या पावसात तो बुडाला की मोटार आमच्याकडे येत असे. सबमर्सिबल पंप पाण्यातच बसून पाणी खालून वर ढकलतो, म्हणून तो ही अडचण मुळातूनच दूर करतो. पुढच्या चार-पाच वर्षांत आमच्या भागात बोअर वाढत गेले आणि आमचे कामही त्याच दिशेने वळले.

सबमर्सिबलचे वायंडिंग शिकायला आम्हाला जवळपास दोन वर्षे लागली. साध्या मोटारीची कॉइल साच्यावर गुंडाळून खाचेत बसवता येते. पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीत मात्र प्लास्टिकचे वेष्टन असलेली तांब्याची तार खाचेतून एकेक वेढा करून हाताने आरपार ओढावी लागते, आणि त्या वेष्टनावर बारीकसा ओरखडा गेला तरी मोटार बोअरमध्ये उतरल्यावर जळते. म्हणून वायंडिंग झालेला स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, आम्ही आजही रात्रभर टाकीत बुडवून ठेवतो आणि सकाळी मेगर या वेष्टनातून वीज झिरपते का ते पाहणाऱ्या यंत्राने तपासल्याशिवाय पुढची जोडणी करत नाही. उतरवण्यापूर्वी मोटारीत स्वच्छ पाणी काठोकाठ भरून आतली हवा काढून टाकावी लागते, कारण मिनिटाला सुमारे २,९०० फेरे घेणाऱ्या शाफ्टच्या बुशांना आणि खालचा भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला त्याच पाण्याचे वंगण असते. हे काम कंटाळवाणे आहे. पण घाईने उतरवलेली मोटार पुन्हा काढण्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

आमच्या व्यवसायाला खरे वळण मिळाले ते २००१ साली, आमच्याच एका चुकीमुळे. एका शेतकऱ्याने श्रावणात बोअर घेतला होता आणि बोअर पाडणाऱ्या गाडीवाल्याने ‘तीन इंची पाणी’ सांगितले होते. त्या शब्दावर विसंबून आम्ही साडेसात एचपीचा पंप दिला. माघ महिन्यापासून बोअर वीस मिनिटांत रिकामा होऊ लागला, पंप कोरडा फिरू लागला, आणि मोटार चार महिन्यांत तीनदा जळाली. तिसऱ्या वेळी ते काका दुकानात आले आणि काहीही न बोलता बाकावर बसून राहिले. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा त्यांच्या शेतावर जाऊन पाणी मोजले. सेकंदाला एक लिटरही भरत नव्हते. दोष वायंडिंगचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. वायंडिंगचे तिन्ही वेळचे पैसे परत करून आम्ही तीन एचपीचा पंप बसवला, आणि तो अनेक वर्षे चालला.

‘इंची’ या मापाविषयी येथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण बहुतेक चुकीचे पंप याच शब्दामुळे घेतले जातात. काटकोनी व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची म्हणजे ते इंच. दोन इंचाला सेकंदाला जेमतेम ०.८ लिटर पाणी येते, तर तीन इंचाला सुमारे २.२ लिटर, म्हणजे एका इंचाच्या फरकाने पाणी पावणेतीन पट होते. त्यात बोअर घेताना खडकाच्या भेगांत साठलेले पाणी एकदम बाहेर पडते, त्यावरून बारमाही आवक ठरत नाही. आमच्या काळ्या पाषाणात पाणी असते ते वरच्या मुरमात आणि दोन थरांमधल्या भेगांत, आणि ते फेब्रुवारीनंतर वेगाने आटते. म्हणून आम्ही २०० लिटरचे बॅरल, घड्याळ आणि टेप घेऊन चार तास पंप चालवतो, दर अर्ध्या तासाला आवक आणि पातळी मोजतो, आणि मगच पंप सुचवतो. सेकंदाला ०.८ लिटर पाणी १०० मीटर उचलायचे असेल, तर पंपाची कार्यक्षमता निम्मी धरूनही सव्वादोन एचपीपेक्षा कमीच शक्ती लागते; तेथे साडेसात एचपी बसवून पाणी वाढत नाही, बोअर फक्त लवकर रिकामा होतो.

या सवयीमुळे आमची काही विक्री गेली, हे खरे आहे. मोठा पंप मागणारा माणूस लहान पंप सुचवणाऱ्यावर सहज विश्वास ठेवत नाही, आणि शेजाऱ्याचा साडेसातचा असेल तर मुळीच ठेवत नाही.

सन २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टँकर होते, प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटरचे. त्या उन्हाळ्यात आमच्या दुकानापुढे सकाळी सहापासून लोक उभे असत. पंप आणखी खाली सोडण्यासाठी जादा पाइप आणि केबल मागणाऱ्यांपैकी कित्येकांच्या बोअरमध्ये खाली सोडण्यासारखे पाणीच उरलेले नव्हते, आणि टेप खाली सोडून ते त्यांना दाखवणे हे त्या वर्षातले सर्वांत जड काम होते. पैसे घेऊन पाइप विकणे सोपे होते. आम्ही ते केले नाही, याचे आजही समाधान वाटते.

कमी दाबाची वीज आणि एक फेज जाणे यांनी मोटारी आजही जळतात, म्हणून एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि पंप कोरडा फिरू न देणारे ड्राय रन संरक्षण नसलेला पॅनल आम्ही बसवत नाही. अलीकडे सौर पंपांचीही कामे येतात. तेथेही बोअर तोच असतो आणि मोजमापही तेच. आज आमच्याकडे सात कारागीर आणि पंप काढण्याची एक गाडी आहे. प्रत्येक पंप काढताना पाण्याची पातळी वहीत लिहिली जाते, आणि २००१ पासूनच्या अशा वह्या कोणत्याही शेतकऱ्याला दुकानात येऊन पाहता येतात. मोजणीचे आम्ही पैसे घेत नाही. नवीन बोअर घेणार असाल तर गाडी येण्याच्या आदल्या दिवशी कळवावे, म्हणजे बॅरल आणि टेप घेऊन आमचा माणूस तेथे हजर राहील.